चार तळहातांवर उभी मोटार

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. आमच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन तो आता नगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वाचवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी पण दमदार हॅचबॅक मोटार घेतली होती आणि जानेवारीत ती कोइमतूरच्या शर्यतमार्गावर 'ट्रॅक डे'ला न्यायची होती. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "सर, पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकावा म्हणतो. गाडी खाली बसेल. खाली बसलेली गाडी वळण धरून राहते ना? तासाभराचं काम आहे."

मी म्हणालो, "कापू, पण आधी कागदावर. करवत उद्या हातात घे." त्या संध्याकाळी आम्ही जे गणित मांडले, तेच येथे देतो. त्याला नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडचे फारसे काही लागत नाही.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ पाहू. मागचे दार वर उचलले जाते अशी आखूड मोटार म्हणजे हॅचबॅक. अशा घरगुती गाडीत जास्त शक्तीचे इंजिन बसवून तिचे सस्पेन्शन कडक केले, की तिला 'हॉट हॅच' म्हणतात. १९७६ साली विक्रीस आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय हे या जातीचे गाजलेले उदाहरण. तिचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. त्या दिवशी हौशी चालकांना बंद मार्गावर, हेल्मेट घालून आणि निशाणवाल्यांच्या देखरेखीखाली स्वतःची गाडी तिच्या मर्यादेपर्यंत चालवता येते. आपल्या देशात असे मोठे मार्ग थोडेच आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे (१९९०), कोइमतूरजवळ (२००३) आणि ग्रेटर नोएडात (२०११). नगरहून हे तिन्ही हजार किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून दूर. म्हणजे ज्या टायरांवर फेऱ्या मारायच्या, त्याच टायरांवर तिथवर जायचे आणि घरीही परतायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिचे काम पडणार आहे.

गाडीला वळवते कोण?

चालकासह गाडीचे वस्तुमान ११०० किलोग्रॅम धरू. तिचे वजन झाले ११०० × ९.८ = १०,७८० न्यूटन. प्रत्येक चाकावर सरासरी सुमारे २,७०० न्यूटन. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर तो दाब होतो सुमारे २,२०,००० पास्कल. बलाला दाबाने भागले की क्षेत्रफळ मिळते : ०.०१२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. तुमचा तळहात जवळपास एवढाच असतो. टनभराची गाडी जमिनीला शिवते ती अशा चार तळहातांवर. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्यांनाच करावी लागतात.

वर्तुळाकार मार्गावर फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राच्या दिशेने बल लागते. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो :

बल = वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या

सपाट रस्त्यावर हे बल फक्त घर्षण पुरवू शकते, आणि घर्षण जास्तीत जास्त घर्षणांक × वजन एवढेच असते. दोन्ही बाजू समान मांडल्या, की वस्तुमान दोन्हीकडून जाते आणि उरते ते असे :

वेग² = घर्षणांक × ९.८ × त्रिज्या

४० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर मर्यादा येते सेकंदाला १८.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६८ किलोमीटर. तोच रस्ता ओला असून घर्षणांक ०.६ झाला, तर ५५ किलोमीटर. आणि गळिताच्या हंगामात कोपरगाव-श्रीरामपूरकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे माती आणि पाचट पसरलेले असते, तेथे घर्षणांक ०.४ धरला, तर अवघे ४५. स्टिअरिंग तेच, चालक तोच, तरीही मर्यादा तेवीस किलोमीटरांनी खाली आली. म्हणूनच मर्यादा शोधण्याचा खेळ बंद मार्गावरच खेळायचा असतो. घाटातील वळणापलीकडे काय सांडले आहे हे कोणालाच दिसत नाही.

वजन सरकते ते किती?

वळणावर बाहेरच्या चाकांवर भार वाढतो आणि आतल्या चाकांवरचा कमी होतो. का? घर्षणबल जमिनीलगत लागते, तर गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असतो. त्यामुळे गाडी बाहेर कलंडवणारे एक परिबल तयार होते. ते तोलण्यासाठी बाहेरच्या चाकांखालची प्रतिक्रिया वाढते आणि आतल्यांखालची घटते. सरकणारा भार असा काढता येतो :

सरकलेला भार = वस्तुमान × त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन चाकांतील रुंदी

आपल्या गाडीत उंची ०.५५ मीटर आणि रुंदी १.४५ मीटर धरा. ०.९ घर्षणांकाच्या मर्यादेवर त्वरण ०.९ × ९.८ = ८.८२. उत्तर येते सुमारे ३,६८० न्यूटन. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५,३९० न्यूटन होते. वळणावर बाहेर ९,०७० आणि आत फक्त १,७१० उरले.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. त्यात स्प्रिंगचा कडकपणा कोठे आहे? कोठेच नाही! स्प्रिंग कडक केल्याने गाडीचे कलणे कमी दिसते, पण एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर उंची कमी करावी नाहीतर रुंदी वाढवावी. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली, तर उंची ०.५२ होते आणि सरकणारा भार सुमारे ३,४८० न्यूटन. फायदा आहे, पण फक्त साडेपाच टक्क्यांचा. माझा विद्यार्थी येथे थोडा हिरमुसला.

रबराचा हट्ट

तुम्ही म्हणाल, भार बाहेरच्या चाकांवर गेला तर बिघडले कोठे? एकाचे घर्षण कमी झाले, दुसऱ्याचे वाढले, बेरीज तीच. लाकडाच्या ठोकळ्यांच्या बाबतीत हे बरोबर ठरले असते. पण रबर वेगळे आहे. त्यावर भार वाढवत गेलो, की घर्षण वाढते खरे, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजेच घर्षणांक हळूहळू उतरतो.

समजा, एका टायरवर १,००० न्यूटन भार असता तो १,०५० न्यूटनांची पकड देतो, ३,००० भारावर २,८५० आणि ५,००० भारावर ४,२५०. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक टायरचे वेगळे असतात, कल मात्र असाच असतो.) पुढच्या दोन्ही चाकांवर ३,००० असता एकूण पकड ५,७०० न्यूटन. त्यातील २,००० एकावरून दुसऱ्यावर सरकले, तर १,०५० + ४,२५० = ५,३००. भाराची बेरीज तीच असूनही पकड ४०० न्यूटनांनी घटली. सस्पेन्शनचा सारा खटाटोप एवढ्याचसाठी आहे : चारही तळहात जमिनीला टेकलेले राहावेत आणि त्यांच्यावरचा भार शक्य तितका सारखा व स्थिर राहावा.

वेढा कापला तर?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेढे कमी, स्प्रिंग कडक. समजा, पुढची स्प्रिंग मोकळी असताना ३०० मिलिमीटर लांब आहे, तिचे सहा वेढे काम करतात आणि ती एक मिलिमीटर दाबायला २४ न्यूटन लागतात. तिच्यावरचा भार सुमारे २,८८० न्यूटन धरा. हूकच्या नियमाप्रमाणे ती २,८८० ÷ २४ = १२० मिलिमीटर दबून १८० वर स्थिरावेल. तेथून चाकाला वर जायला ८० मिलिमीटर मोकळीक आहे, मग रबरी ठोकळा लागतो. खाली लोंबायलाही ८० मिलिमीटर आहे.

एक वेढा कापला. आता स्प्रिंग २५० मिलिमीटरची, पाच वेढ्यांची, आणि तिचा कडकपणा २४ × ६ ÷ ५ = २८.८. ती २,८८० ÷ २८.८ = १०० मिलिमीटर दबून १५० वर स्थिरावेल. गाडी ३० मिलिमीटरने खाली बसली. इथपर्यंत विद्यार्थी खूश.

पण रबरी ठोकळा जेथे होता तेथेच आहे. वर जायची मोकळीक आता ८० ऐवजी ५० मिलिमीटर. ठोकळ्यावर आदळण्यापूर्वी स्प्रिंग धक्क्याची किती ऊर्जा पोटात घेऊ शकते, ते ½ × कडकपणा × अंतर² या सूत्राने काढू :

पूर्वी : ½ × २४,००० × ०.०८² = ७६.८ ज्यूल
आता : ½ × २८,८०० × ०.०५² = ३६ ज्यूल

कडकपणा वाढला, तरी धक्का पचवण्याची ताकद निम्म्याहून खाली गेली, कारण अंतराचा वर्ग होतो. वळणात, बाहेरच्या स्प्रिंगवर आधीच जादा भार असताना एखादा उंचवटा आला, की ठोकळा लागणार. त्या क्षणी तळहातावरचा भार एकदम उसळी घेतो आणि लगेच नाहीसा होतो. पकड सुटते ती येथेच.

दुसरा धोका याहून मोठा. चाक पूर्ण खाली लोंबले, तर स्प्रिंगच्या दोन बैठकींमधील अंतर १८० + ८० = २६० मिलिमीटर होते. मूळची ३०० ची स्प्रिंग तेव्हाही ४० मिलिमीटर दबलेली राहते. कापलेली मात्र २५० ची आहे. ती बैठकीत १० मिलिमीटर सैल होते! उंचवट्यावरून उडालेले चाक परत टेकेल, तेव्हा ती आपल्या जागी बसेलच याची खात्री नाही. हे उत्तर आले तेव्हा आम्ही दोघे थोडा वेळ गप्प बसलो.

मग कडक स्प्रिंग लावूच नये का? लावावी, पण त्यासाठीच घडवलेली. ती जाड तारेची असते, लोंबत्या स्थितीतही दबलेली राहील इतकी लांब असते आणि तिला जोडीदार शॉकअप असतो. आपल्या शहरात व्हीआरडीई ही वाहनसंशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडे तपासणीस द्यावा लागतो, त्यांत तिचे नाव आहे. कंपनीची गाडी अशा परीक्षेतून गेलेली असते. करवतीने कापलेल्या स्प्रिंगची परीक्षा पहिल्या खड्ड्यातच होते. शिवाय नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते, हेही लक्षात असू द्या.

डुलणे थांबवणारा

स्प्रिंग ऊर्जा घेते आणि परत देते. तिला एकटी सोडली, तर गाडी डुलतच राहील. डुलण्याची वारंवारता आपल्याला काढता येते : ९.८ ला स्प्रिंगच्या दबण्याने (मीटरमध्ये) भागा, वर्गमूळ घ्या आणि ६.२८ ने भागा. १२० मिलिमीटरसाठी उत्तर १.४४ येते, १०० साठी १.५८. म्हणजे सेकंदाला साधारण दीड हेलकावा. हे हेलकावे शमवण्याचे काम तेल भरलेल्या नळकांड्याचे, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते. घरच्या गाडीवर पाहा : एका कोपऱ्यावर जोराने दाबून हात सोडा. गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली, तर ठीक. दोन-तीनदा डुलली, तर शॉकअप संपला. अशा गाडीचे चाक खडबडीत रस्त्यावर टप्पे खात जाते, आणि हवेत असलेल्या चाकाला घर्षण नसते.

विजयंता आणि मोटार

बहुतेक हॅचबॅक गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढचीच. म्हणून वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढे असतो आणि ओढणे, वळणे, थांबणे यांचा बोजा पुढच्या टायरांवर पडतो. वळणावर त्यांचीच पकड आधी सुटते आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात.

येथे एक युक्ती कामी येते. एकूण सरकणारा भार बदलत नसला, तरी त्यातला किती पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या, हे ठरवता येते. जी जोडी जास्त कडक, ती जास्त वाटा घेते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. गाडी कलली, की ती पिळवटते आणि विरोध करते. मागची दांडी जाड केली, तर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागे जातो, पुढच्या जोडीतील असमानता घटते आणि पुढची पकड वाढते. भरधाव हॉट हॅचच्या छायाचित्रात मागचे आतले चाक हवेत उचललेले दिसते, ते याचमुळे. कडकपणा फार झाला, तर मात्र मागची पकड आधी सुटून गाडीचे शेपूट फिरते. नवशिक्याला ते सावरणे फार कठीण. म्हणून हा बदल थोडा थोडा आणि शेवटी करायचा.

पिळवटणारी दांडी स्प्रिंगचे काम करते हे पटत नसेल, तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात भारतात बनलेला विजयंता रणगाडा उभा आहे. त्याच्या रस्त्यावर टेकणाऱ्या चाकांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा दिसत नाहीत, कारण त्यांचे काम पोटाखालून आडव्या गेलेल्या अशाच पीळ घेणाऱ्या दांड्या करतात.

टायरमधली हवा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बदल हवेच्या दाबाचा. वेगाने वळणाऱ्या टायरचे रबर सतत चेपते व सुटते आणि तापते. आकारमान जवळजवळ कायम असल्याने दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतो. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, तेथे वातावरणाचा दाब सुमारे १३.६ पौंड. काटा दाखवतो तो त्याच्या वरचा दाब. सकाळी २५ अंशांना ३२ पौंड भरले, तर खरा दाब ४५.६. टायरमधली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर

४५.६ × ३४३ ÷ २९८ = ५२.५

काटा दाखवील जवळजवळ ३९ पौंड. सात पौंड फुकट वाढले! टायर मध्यभागी फुगतो, तळहात लहान होतो आणि पकड घटते. म्हणून ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनी आत आल्याबरोबर, टायर गरम असतानाच दाब मोजतात आणि जादा हवा सोडतात.

आता सुरुवातीची गोष्ट आठवा : त्याच टायरांवर घरी यायचे आहे. सोडलेली हवा परत भरली नाही, तर टायर थंड झाल्यावर दाब पंचविशीच्या आसपास उतरेल. असा टायर महामार्गावर तासन्‌तास जास्त चेपतो, जास्त तापतो आणि फुटू शकतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेतच. उलट चूक मी स्वतः केली आहे. तरुणपणी पेट्रोल वाचेल म्हणून ठरल्यापेक्षा बरीच जास्त हवा भरून पहिल्याच पावसात करंजी घाट उतरत होतो. एका वळणावर गाडी सरळ निघाली आणि कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. पेट्रोल किती वाचले हे आता आठवत नाही. कठडा आठवतो.

चाकाचा कल

गाडी वळणावर कलली, की बाहेरचे चाकही बाहेर कलते आणि टायर कडेवर उभा राहतो. म्हणून ट्रॅकसाठी पुढची चाके वरच्या बाजूने आत दीड ते अडीच अंश कललेली ठेवतात, म्हणजे वळणात ती जमिनीवर सपाट बसतात. याला कॅम्बर म्हणतात. सरळ रस्त्यावर मात्र याने टायर आतल्या कडेला झिजतो. योग्य कल कसा ओळखावा? आत आल्यावर टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचे तापमान मोजा. मध्य जास्त तापला, तर हवा जास्त आहे. बाहेरची कड फार तापली, तर कल अपुरा आहे.

करून पाहा

१) लाकडी ठोकळ्याच्या तळाला खोडरबराचे चार तुकडे चिकटवा. प्रयोगशाळेतील स्प्रिंग-काट्याने तो टेबलावर एकसारखा ओढा. त्यावर २००, ४००, ६००, ८०० ग्रॅमची वजने ठेवून प्रत्येक वेळी ओढीला एकूण वजनाने भागा. ठोकळ्याच्याही वजनाची बेरीज विसरू नका. मग खोडरबर काढून नुसत्या लाकडाने तेच करा. दोन्ही आलेख एका कागदावर काढा.

२) सैल वेढ्यांची स्प्रिंग टांगून १०० ग्रॅमने ती किती लांबते ते मोजा. मग तिला बरोबर मधल्या वेढ्यावर धरून पुन्हा मोजा. लांबणे निम्मे होते का?

३) घरच्या गाडीच्या टायरचा दाब सकाळी आणि लांबच्या प्रवासानंतर लगेच मोजा. दोन्ही आकड्यांवरून आतल्या हवेचे तापमान काढा.

माझ्या विद्यार्थ्याने स्प्रिंगा कापल्या नाहीत. घिसलेले शॉकअप बदलले, चारही टायर एका जातीचे घेतले, ब्रेकचे जुने तेल बदलले, पुढच्या चाकांना शक्य तेवढा कल दिला आणि चाळीस रुपयांची वही घेतली. जानेवारीत परत आला, तेव्हा ती वही त्याने माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक फेरीनंतर चारही टायरांचे दाब आणि तापमान व्यवस्थित लिहिलेले होते. शेवटच्या पानावर होते : "परतीपूर्वी चारही टायर, थंड, ३२ पौंड."

मी त्या ओळीखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.